बाजाराचा दिवस

एकदा एक तरुण एका वृद्ध पगडबंदाकडे पगड्या बांधायला शिकला. लाकडी साच्यावर तलम कापडाचे पेच बसवायचे, टाके घालून ते पक्के करायचे, ही विद्या त्याच्या हाती अशी उतरली की त्याची दरबारी पगडी पाहून राजधानीचा एक व्यापारी गाडी जुंपून त्याच्या दारी आला.

"यापुढे बांधशील तेवढ्या दरबारी पगड्या माझ्या. मात्र त्यातच लक्ष घाल."

शिष्याचं नुकतंच लग्न झालं होतं. आता जन्माची काळजी मिटली, असं वाटून तो आशीर्वाद घ्यायला गुरूकडे गेला. वृद्धानं पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हटलं, "काम घे. पण आठवडी बाजाराचा दिवस मला दे."

त्या दिवशी दोघं वडाखाली चटई टाकून बसत. येईल त्याला, तो म्हणेल तसं पागोटं बांधून द्यायचं. गाडीवानाला कान झाकणारं, मेंढपाळाला ऊन अडवणारं, नवरदेवाला पाठीवर शेमला सोडलेलं. शिष्याला याची भारी लाज वाटे. ओळखीचं कुणी दिसलं की तो सुईत दोरा ओवण्याचं सोंग करी. सुईचं तिथं काही कामच नसे.

"अहो कारागीर," एकदा एक हमाल कुरकुरला, "माझ्या डोक्यावर राजवाडा नका बांधू. वर पोतं ठेवायचंय मला!"

वृद्ध खुदकन हसला आणि त्यानं शिष्याला सगळे पेच सोडून पुन्हा बांधायला लावले.

घरी आल्यावर शिष्य बायकोपाशी धुसफुसे. "बाबांना सोबत हवी असते, दुसरं काही नाही." ती ऐकून घेई. नव्या घरात ऐकून घेण्याचं काम पुष्कळ असतं.

पुढे एके वर्षी राजा दूरच्या प्रवासाहून परतला, तो मखमली टोपी घालून. बघता बघता सगळा दरबार टोपीत दिसू लागला. व्यापाऱ्याची गाडी यायची थांबली. निरोप तेवढा आला, पगड्या नकोत. शिष्यानं होती नव्हती ती शिल्लक कापडात घातली होती. खुंट्यांवर पगड्या, फळीवर पगड्या, धान्याच्या कणगीवरही एक. घरात पगड्यांना तोटा नव्हता, पण नवऱ्याचं डोकं मात्र चालेनासं झालं होतं.

"संपलं सगळं," तो म्हणाला.

"अहो, राजानं टोपी घातली म्हणून गावानं डोकी काढून ठेवली का?"

"तुला यातलं काय कळतंय?"

"नाही कळत. ज्यांना कळतं त्यांना घेऊन या."

वृद्ध आला. त्यानं घरभर नजर फिरवली, सर्वांत देखणी पगडी मांडीवर घेतली आणि कात्रीनं तिचे टाके उसवायला सुरुवात केली.

"बाबा! किती दिवस खपलो होतो तिच्यासाठी!"

"दुसरी दे," वृद्ध म्हणाला.

शिष्य जागचा हलला नाही. त्याच्या बायकोनं कणगीवरची पगडी उचलून पुढे केली.

बाजाराच्या दिवशी ते सगळं मोकळं कापड वडाखाली गेलं. लग्नसराई होती. दरबारी कापड म्हटल्यावर गर्दी लोटली. एका वरबापानं सांगितलं, "आमच्या आजोबांसारखं हवं. उजवीकडे झुकतं, अन्..." त्याचं बोलणं पुरं होण्याआधी शिष्याच्या हातांनी पेच घेतलेसुद्धा. वरबापानं आरशात पाहिलं आणि डोळे पुसले. मग त्यानं सगळ्या वऱ्हाडाला रांगेत उभं केलं.

ऊन कललं तेव्हा चटईवर चिंधीही उरली नव्हती. कित्येक दिवसांनी शिष्यानं मोकळा श्वास घेतला.

वृद्ध म्हणाला, "दरबाराला नकोसा झाला तो एक आकार. कापड तुझंच होतं आणि हातही तुझेच. तू मात्र समजलास की आपणच नकोसे झालो. दरबारानं तुला एकच डोकं शिकवलं, तेही लाकडाचं. इथं दर वेळी नवं डोकं पुढ्यात आलं, म्हणून तुझे हात आखडले नाहीत. चांगलं काम चालून आलं तर जरूर घ्यावं. पण त्याच्याबाहेरही आपले हात चालतात ना, हे बऱ्या दिवसांतच पाहून ठेवावं. वाईट दिवसांत शिकायला सवड नसते, आणि धीर तर त्याहून नसतो."

शिष्यानं वाकून नमस्कार केला. आज त्याला आजूबाजूला कोण पाहतंय याचं भान नव्हतं.

काही काळानं व्यापारी पुन्हा दारात उभा राहिला. "टोप्या शिवशील? होतील तेवढ्या माझ्या."

"शिवेन की, शेठ. फक्त बाजाराच्या दिवशी मी मिळणार नाही."

"म्हणजे? म्हातारा अजून सोडत नाही होय तुला?"

"त्यांनी केव्हाच सोडलंय," शिष्य हसून म्हणाला. "आता मीच सोडत नाही."

मागच्या अंगणात त्याची बायको चटई झटकत होती. उद्या बाजार होता.