करकरणाऱ्या चपला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं अधूनमधून ऐकायची. पुढं गाढवांनीच नाद सोडला. तर पोरांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्ही मागं बसून पानाला चुना लावत ऐकलंत तरी चालेल, पण ऐका, कारण गोष्ट पोरांपेक्षा तुमचीच जास्त आहे.

एक नगर होतं आणि त्या नगरात केरोबा नावाचा गृहस्थ होता. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं त्याला जन्मताच क्षणभर केराच्या ढिगावर ठेवलं, परत उचललं आणि नाव केरोबा ठेवलं. पूर्वी तशी रीतच होती, टाकलेल्या पोराकडं यमही बघत नाही म्हणायचे. पोर जगलं, मोठं झालं, आणि राजानं अख्ख्या नगराच्या केराचा मक्ता त्यालाच दिला. लोक हसले. केरोबाही हसला आणि कामाला लागला.

माणूस भला होता, यात शंका नाही. त्याच्या झाडूवाल्यांना दुपारची भाकरी मिळायची, कुणी आजारी पडलं तर त्याची मजुरी कापली जायची नाही, आणि दर दसऱ्याला प्रत्येकाला नवी चपलांची जोडी मिळायची. केरात राबणाऱ्याचा पाय उघडा नसावा, असं तो म्हणायचा. स्वतःही वेशीजवळच्या त्याच कारागिराकडची, तसलीच जोडी घालायचा.

नगरातला केर गाढवांच्या पाठीवरून नदीपल्याड जायचा. तिथं एका आवारात काच, हाडं, चिंध्या, लोखंड असं सगळं हातानं निवडून वेगळं करायचे. हे काम केरोबानं येसाजी नावाच्या माणसाला पोटमक्त्यानं दिलं होतं. येसाजी बोलायला साखर. "मालक, तुम्ही नगर सांभाळा, नदीपल्याडचं माझ्यावर सोडा," असं तो म्हणाला आणि केरोबानं सोडलं. दसऱ्याला तिकडच्या माणसांच्याही चपला तो न विसरता पाठवायचा, पण नदी ओलांडून कधी गेला नाही. भल्या माणसांचं हे असंच असतं बघा. आपण भलं केलं यातच त्यांचं पोट भरतं, ते पोहोचलं का हे बघायला उठवत नाही.

केरोबाकडं सगू नावाची झाडूवाली होती. तिचा धाकटा भाऊ मारत्या येसाजीच्या आवारात कामाला गेला होता. गेला तो गेलाच. सणाला आला नाही, भाचीच्या लग्नाला आला नाही. आई वारली, तिच्या तेराव्यालाही आला नाही. गाढवं हाकणाऱ्यांना विचारलं की ते म्हणायचे, "बरा आहे," आणि गाढवं पुढं हाकायचे. शेवटी सगू केरोबासमोर उभी राहिली.

"धनी, माझा भाऊ जित्ता हाय का न्हाई, एवढं डोळ्यांनी बघून या."

केरोबाला वाईट वाटलं. त्यानं येसाजीकडं निरोप धाडला, परवा बघायला येतोय म्हणून. आता निरोप देऊन गेलं की तोरण बांधलेलं दिसणारच. तसं ते दिसलंच. येसाजीनं गूळपाणी दिलं. माणसं ओळीनं उभी होती, अंगावर धुतलेले कपडे होते आणि प्रत्येकाच्या पायात चपला होत्या. ती चालली की चपला करकर करकर वाजायच्या. केरोबाला बरं वाटलं. किती जपून वापरतात, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं मोठ्यानं विचारलं, "सुखी आहात ना रे?" शेजारी येसाजी मिशीवरून हात फिरवत उभा होता. माणसं म्हणाली, "सुखी हाय." ओळीच्या टोकाला भिंतीला टेकून उभा असलेला मारत्याही तेच म्हणाला.

केरोबा परत आला आणि त्यानं सगूला बोलावलं. "बघितला तुझा भाऊ. धडधाकट आहे, पायात चपला आहेत. सुखी आहे म्हणाला."

"कुणाफुडं म्हणाला?" सगूनं विचारलं.

केरोबा तापला. "म्हणजे मी काय दूधखुळा आहे का? समोर उभं राहून विचारलं मी त्याला."

सगूनं झाडू उचलला आणि अंगण झाडायला घेतलं. केरोबा रागारागानं पाय आपटत घराकडं निघाला आणि अर्ध्या अंगणात थांबला. आपण एवढे पाय आपटतोय, पण आपली चप्पल वाजत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याची जोडी त्याच दसऱ्याची, त्याच कारागिराची. तिची करकर दिवाळीपर्यंतसुद्धा टिकली नव्हती, आणि आता होळी आली होती. हा तर ओट्यावरून पेठेत आणि पेठेतून ओट्यावर एवढाच चालणारा माणूस. मग दिवसभर केर तुडवणाऱ्यांच्या चपला अजून नव्या कशा? कारण आपण गेलो त्या दिवशीच त्यांच्या पायांना त्या पहिल्यांदा लागल्या. केरोबा तिथंच अंगणात खाली बसला. त्याला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न सांगता तो गाढवांबरोबर निघाला. अंगण झाडणाऱ्या सगूनं ते बघून पदर खोचला आणि तीही निघाली. तो तिला नको म्हणाला नाही. पुढच्या गाढवाचा एक कान फाटका होता. नदीत उतरल्यावर ते म्हणालं, "आज वर्दी न देता निघालात, धनी? तोरण राहील की बांधायचं."

"तुला काय माहीत आहे तिथलं?" केरोबानं विचारलं.

"तिथं आम्हाला दुपारी चरायला सोडतात, तेव्हा पुढच्या दोन पायांना दोरीनं पायबंद घालतात. चरता येतं, पळता येत नाही. माणसांना दोरी बांधत नाहीत. त्यांच्या चपला काढून घेतात."

"अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही दर खेपेला एवढंच विचारायचात, ओझं पोहोचलं का म्हणून," गाढव म्हणालं. "ते पोहोचलं होतं."

आवाराचं फाटक सताड उघडं होतं. तिथं ना कुलूप, ना पहारेकरी. पण आवाराभोवती चारी बाजूंनी रुंद पट्टा होता, फुटक्या काचांचा, खापरांचा आणि बाभळीच्या काट्यांचा. खुरं असलेलं जनावर त्यावरून जाई, चपला घातलेला माणूसही जाई. आत माणसं केरात बसून निवडत होती, आणि एकाच्याही पायात चप्पल नव्हती. कुणी पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. चपला एका खोलीत कोंडलेल्या होत्या, आणि कुलूप होतं ते त्या खोलीला.

मारत्या भिंतीशी बसला होता. त्यानं एकदा अनवाणीच पळायचा प्रयत्न केला होता, त्यात एका पायाचं पुढचं टोक काळं पडलं होतं. केरोबा बघायला आला तेव्हा ते चपलेत दिसलं नव्हतं. बहिणीला बघून तो उठायला गेला आणि परत बसला. "अक्का, आई कशी हाय?" असं त्यानं विचारलं. सगूनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि ती रडायला लागली, तेव्हा त्याला कळलं.

एवढ्यात येसाजी धावत आला. "मालक, मी कुणाला बांधलंय? दोरी दाखवा, बेडी दाखवा. फाटक उघडंच आहे."

"फाटक उघडं आहे, मग चपला का कोंडल्या?"

"चोरीला जातात हो." मग येसाजीचा आवाज बदलला. "आणि एक सांगतो, राग मानू नका. दर वर्षी तुम्हीच म्हणायचात, येसाजी, यंदा आणखी कमी दरात कर. मी करून देत होतो. कसं करतो, ते तुम्ही कधी विचारलंत?"

हे खरं होतं. येसाजी लबाड होता, पण लबाडाच्या तोंडूनही कधीकधी खरं निघतं आणि तेच जास्त झोंबतं. केरोबा म्हणाला, "आजपासून तुझा माझा संबंध संपला. उद्यापासून माझा केर दुसरीकडं जाईल."

सगूनं मान वर केली नाही. भावाचा पाय पदरानं पुसत ती म्हणाली, "म्हंजे तुमचं हात धुतलं गेलं, धनी. ह्यांच्या पायांचं काय?"

येसाजी हळूच म्हणाला, "ही माणसं सोडलीत तर निवडायला कोण? नगरात ढीग साचतील. राजा मक्ता काढून घेईल. जरा विचार करा." केरोबानं विचार केला. खोटं कशाला सांगू, तो डगमगला. सारा जन्म त्या मक्त्यावर उभा होता. मग त्यानं केरातला एक लोखंडी तुकडा उचलला आणि खोलीचं कुलूप फोडलं.

चपला वाटल्या. ज्याला जायचं होतं तो गेला, आणि जवळजवळ सगळेच गेले. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना गाढवांवर बसवलं. मारत्याला पाठीवर घेतल्यावर फाटक्या कानाचं गाढव म्हणालं, "धनी, हा तर केरापेक्षा हलका आहे."

नगरात खरंच ढीग साचले. लोकांनी नाकाला पदर लावले, केरोबाच्या नावानं बोटं मोडली. ज्यांचं अंगण रोज लख्ख असायचं ते सगळ्यात जास्त ओरडले. राजानं केरोबाला बोलावून घेतलं.

"केरोबा, नगराला वास येतोय."

"महाराज, नदीपल्याड तो कधीचा येत होता. वारा उलटा होता म्हणून आपल्याला कळला नाही." आणि केरोबानं सगळं सांगितलं, स्वतःचा कमी दराचा हट्टही लपवला नाही. शेवटी म्हणाला, "मक्ता काढून घ्या, पण पुढच्या मक्तेदाराला एक विचारा. तुझा केर कोण निवडतं, आणि त्याला घरी जाता येतं का?"

राजानं येसाजीला तो काचांचा पट्टा स्वतःच्या हातानं उचलायची शिक्षा दिली. दरबारी म्हणाले, "अनवाणी करायला लावा." राजा म्हणाला, "नाही, चपला घालून उचलू दे. आपल्याला येसाजी व्हायचं नाही." केरोबाचा मक्ता राहिला, पण त्याचीही सुटका झाली नाही. केर उचलायचा दर वाढला आणि तो नगरानं कुरकुरत भरला. नदीपल्याडचं आवार केरोबानं स्वतःच्या हाताखाली घेतलं. तिथं तो न सांगता जाऊ लागला, आणि माणसांना मुकादमासमोर नाही, तर नदीकाठी बाजूला घेऊन विचारू लागला. त्यांचं ऐकायच्या आधी तो त्यांच्या चपलांचं ऐकायचा.

पाय बरा झाल्यावर मारत्या स्वतःहून तिथंच कामाला आला. पायाची दोन बोटं मात्र गेली ती गेलीच. नेहमीची चप्पल त्याच्या पायातून निसटायची, म्हणून कारागिरानं दसऱ्याला त्याच्यासाठी वेगळा पट्टा शिवून दिला. होळीच्या सुमाराला केरोबा आवारात गेला, तर कुणाचीच चप्पल करकरत नव्हती. मारत्याच्या चपलेचा तर तळच फाटून टाच जमिनीला टेकत होती.

"एवढ्यात कशी रे फाटली?" केरोबानं विचारलं.

"दर बाजारच्या दिवशी अक्काकडं चालत जातो की, धनी," मारत्या म्हणाला.

केरोबानं दसऱ्याची वाट न बघता त्याला दुसरी जोडी दिली. पुढं कितीतरी वर्षं तो चपला वाटत राहिला, पण त्या फाटलेल्या तळाएवढा आनंद त्याला कुठल्या नव्या जोडीनं दिला नाही.

म्हणून सांगतो, आपल्या दारातून निघालेलं काम ज्या शेवटच्या माणसापर्यंत जातं, त्या माणसाची जबाबदारी आपलीच असते.