गेणूमामाची कानपिळी

एका गावात एक भोळा मामा होता. मामा तसे सगळ्याच गावांत असतात, पण ह्याच्याइतका भोळा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. नाव गेणू. कुणी काही सांगितलं की तो ते डोक्यात पक्कं बसवायचा, आणि एकदा बसलेलं मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी हलायचं नाही. घोटाळा एवढाच व्हायचा, की एका कामाची शिकवण तो दुसऱ्याच कामाला लावायचा. आणि लावायचा तेही अगदी मनापासून.

ह्या गेणूमामाची एकुलती एक भाची तेजल. लहानपणी तिला खांद्यावर बसवून त्याने अख्खी जत्रा दाखवली होती. तेजल शिकली, शहरात नोकरीला लागली आणि तिथे तिने योएल शिरसाठ नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा ख्रिस्ती. तेजलच्या वडिलांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, जेवताना बोलणं सोडलं. योएलचे वडील दाविद मास्तर हे मिशनच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते जेवताना आधीही बोलत नसत, त्यामुळे त्यांना राग आलाय हे घरात कळायलाच बरेच दिवस गेले.

शेवटी दोन्ही घरच्या आयांनी पदर खोचले आणि तह झाला. लग्न चर्चमध्ये नाही आणि मंगल कार्यालयातही नाही. शहरातल्या हॉटेल नीलपद्ममध्ये, ऐन मार्गशीर्षात. सकाळी पाळकसाहेब, दुपारी भटजी. केकही कापायचा आणि मुंडावळ्याही बांधायच्या. एकमेकांच्या प्रथांना नावं ठेवायची नाहीत, असंही ठरलं. प्रथा कुणालाच धड ठाऊक नव्हत्या, म्हणून हे कलम सगळ्यांना सोपं वाटलं.

मास्तरांनी मात्र आपली अट घातली. ते म्हणाले, "मी येईन. पहिल्या रांगेत बसेन. जेवेनही. पण आशीर्वाद मागू नका. आणि माझा अपमान झाला, तर मुलाला घेऊन त्याच पावली परत जाईन."

अपमानाची भीती घरातल्या सगळ्यांना होती. तेजलला मात्र आशीर्वादाचं वाईट वाटत होतं. तिने मामाला बाजूला घेतलं.

"मामा, मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला ना, तरच मला लग्न झाल्यासारखं वाटेल. तू फक्त त्यांना सांभाळ."

"सांभाळतो," मामा म्हणाला. आणि त्याने ते डोक्यात पक्कं बसवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मामा हॉटेलवर दाखल झाला. थंडी मरणाची होती. हॉटेलवाल्यांनी हिरवळीवर शेगड्या पेटवून ठेवल्या होत्या. तेवढ्यात फुलांच्या टोपल्या आल्या. शेवंती, निशिगंध, वधूवरांचे हार. मामाला फुलांची दया आली. एवढ्या गारठ्यात ही उघडीवाघडी पोरं काय करतील, म्हणून त्याने टोपल्या गच्चीवर कडक उन्हात मांडल्या आणि वरून दोन ब्लँकेटं घातली. दुपारपर्यंत फुलांनी माना टाकल्या.

मॅनेजर धावत आला. तसा सभ्य माणूस. त्याने आरडाओरडा न करता मामाला स्वयंपाकघरामागची थंड खोली दाखवली. भाजी, दूध, पनीर सगळं तिथे ओळीने ठेवलेलं.

"मामा, नाजूक काहीही आलं, की आधी इथे आणून ठेवायचं. म्हणजे ताजं राहतं," तो म्हणाला.

"आता न्हाई चुकायचो," मामा म्हणाला.

संध्याकाळी दाविद मास्तर आले. काळा कोट, हातात काठी, चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दिवसासारखा. तेजलची आई, म्हणजे मामाची अक्का, आत ओवाळणीचं ताट करत होती. तिने मामाला घाईघाईने बजावलं, की मास्तर फार नाजूक प्रकृतीचे आहेत, नीट आत घेऊन ये.

मामाने त्यांना नीट आत नेलं. थंड खोलीत. मटाराच्या पोत्यावर बसवलं, समोर श्रीखंडाचे डबे होते ते जरा सरकवून पाय ठेवायला जागा केली, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं.

मास्तर शिस्तीचे. त्यांना वाटलं, हिंदूंमध्ये व्याह्याला आधी इथेच बसवत असतील. ठरल्याप्रमाणे प्रथेला नावं ठेवायची नव्हती. म्हणून ते बसून राहिले. आचारी पनीर न्यायला आला, तेव्हा मास्तरांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

बाहेर आणल्यावर दातावर दात वाजवत त्यांनी विचारलं, "ही आपली प्रथा आहे का?"

अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर अपमान, आणि अपमान म्हणजे लग्न मोडलं.

"हो," अक्का म्हणाली. "थोडा वेळच बसवतात."

मास्तर शेगडीकडे सरकले. त्यांना शाल दिली, चहा दिला. मग अक्काने मामाला कोपऱ्यात गाठलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

"आवं, मॅनेजर सायेबांनीच सांगितलं व्हतं, नाजूक आलं की थंडीत," मामा म्हणाला.

"मुलाकडचं काही आलं ना गेणू, की शाल पांघरायची आणि शेगडीजवळ न्यायचं. ऊब द्यायची. कळलं?"

मामाने ते डोक्यात बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडून केक आला. योएलच्या आईने स्वतः केलेला, तीन मजली, वर साखरेची दोन कबुतरं. मामाने पाहिलं, मुलाकडचं आलंय. शाल कुठे? शाल मास्तरांच्या अंगावर होती आणि मास्तर हिरवळीवर खुर्चीत डुलक्या काढत होते. मामाने ती हळूच, त्यांची झोप न मोडता, काढून घेतली. केकला गुंडाळली. मग केक उचलून शेगडीच्या अगदी तोंडाशी ठेवला आणि शेजारी बसून त्याला विचारलं, बरं वाटतंय का.

केकला फार बरं वाटलं. तो आधी वाकला, मग बसला, मग आडवा झाला. कबुतरं शालीत गेली.

मुलाकडचे लोक भोवती जमले. योएलच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीकडच्या एका काकांना वाटलं, ख्रिश्चनांमध्ये केक असाच शेकून खात असतील, म्हणून त्यांनी बोटाने चाखून तो छान झाल्याचं सांगितलं. त्यामुळे रडता रडता बाईंना हसू आलं आणि प्रकरण तेवढ्यावर भागलं. मास्तर मात्र कुडकुडत जागे झाले. त्यांनी अंगावर शाल शोधली, ती केकवर सापडली, आणि त्यांनी काठी हातात घेतली.

भाऊसाहेबांनी आपली शाल त्यांना पांघरली, हात जोडले, कसंबसं खाली बसवलं. मग मामाकडे वळले. मेव्हणा असला तरी सहनशक्तीला काही मर्यादा असते.

"गेणू, एवढी मोठी माणसं उघड्यावर कुडकुडतायत आणि तू शाल केकला पांघरतोस? आता एकच लक्षात ठेव. ह्या लग्नात जे काही करशील ते आधी मोठ्यांना. मास्तरांपासून सुरुवात. मोठ्यांचं झाल्याशिवाय लहानांकडे वळायचं नाही."

"बराबर हाय दाजी," मामा म्हणाला.

आणि काय सांगावं, ही शिकवण लागू पडली. मामाने चहा आधी मास्तरांना दिला. अत्तर आधी मास्तरांना लावलं. फेटेवाला नवरदेवाला फेटा बांधायला निघाला होता, त्याला धरून आधी मास्तरांकडे आणलं. मास्तरांनी फेटा बांधून घेतला आणि आरशात दोनदा पाहिलं. त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. तेजलने ते लांबून पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला.

सकाळचा विधी सुरू झाला. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, की ह्या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्याने आत्ताच सांगावं. अख्खा हॉल वळून मामाकडे बघायला लागला. पण अक्का हुशार. तिने मामाच्या तोंडात आधीच अख्खा बुंदीचा लाडू कोंबून ठेवला होता. अंगठ्या झाल्या, प्रार्थना झाली. दुपारी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मामाने त्या आधी मास्तरांवर टाकल्या, पण एवढं चालतं.

मग भटजींनी कानपिळीला हाक मारली. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवरदेव त्याला काहीतरी भेट देतो, तो हा विधी. तेजलला भाऊ नव्हता. म्हणून हा मान मामाकडे आला. भटजींनी मामाला समजावून सांगितलं, की कान धरायचा, पिळायचा आणि काहीतरी मिळाल्याशिवाय सोडायचा नाही.

मामा उठला. बाह्या सावरल्या. योएलने हसत मान वाकवून कान पुढे केला. मामाने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला दाजींचं बोलणं आठवलं. तो नवरदेवाला ओलांडून पहिल्या रांगेत गेला, दाविद मास्तरांसमोर उभा राहिला, फेटा जरा वर सरकवला आणि त्यांचा कान धरून पिळला.

सनई वाजवणाऱ्याचा श्वास अर्ध्यावर अडकला. अक्काने डोळे मिटले. तेजलचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या मास्तरांनी तीस-पस्तीस वर्षं अख्ख्या तालुक्याचे कान पिळले, त्यांचा कान मामाच्या चिमटीत होता. मागच्या रांगांमध्ये त्यांचे जुने विद्यार्थी बसले होते. आता त्यांच्यात डॉक्टर होते, वकील होते. ते सगळे एकदम ताठ बसले आणि आपापले कान चाचपू लागले.

मास्तरांनी मान वाकडी ठेवूनच विचारलं, "ही आपली प्रथा आहे का?"

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी भाऊसाहेबांनीच छाती पुढे काढली. आता खोटं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आहे," ते म्हणाले. "आमच्यात सगळ्या मोठ्या माणसांचे कान पिळतात."

भटजींनी आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. पण दक्षिणा व्हायची होती, म्हणून तेही मान डोलावून मोकळे झाले.

प्रथाच म्हटल्यावर मास्तरांचा नाइलाज झाला. मामा सोडेना. काहीतरी द्या म्हणाला. मास्तरांनी खिसे चाचपले. रुमाल निघाला आणि जुन्या सवयीने ठेवलेला एक खडू निघाला. मामाने दोन्ही नाकारले.

"मला काय बी नको, मास्तर," तो म्हणाला. "पोरीला द्या. तिच्या डोक्यावर हात ठिवा. लई दिवस झुरतीय ती."

तेजल खाली मान घालून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी टपकत होतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. कान मामाच्या हातात, मान वाकडी, फेटा एका डोळ्यावर. तशाच अवस्थेत त्यांनी हात लांब केला. तेजल पुढे आली, वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"सुखी राहा, मुली," ते म्हणाले. मग मामाकडे वळून हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "आता सोड. आणि कान असा पिळत नाहीत. अंगठा मागून हवा."

जुन्या विद्यार्थ्यांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. सनईवाल्याचा अडकलेला श्वास बाहेर पडला. अक्का हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. झालं, लग्न पार पडलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण मामाचं काम संपलं नव्हतं. त्याने अंगठा मागून घेतला आणि तो भाऊसाहेबांकडे वळला. प्रथा त्यांनीच जाहीर केली होती, आता पळणार कुठे? त्यांनी मुकाट्याने कान दिला, आणि सुटका व्हावी म्हणून योएलला जावई म्हणून सर्वांदेखत मिठी मारली. मग पाळकसाहेब झाले. मग भटजी झाले. भटजी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. आत्या, काका, डॉक्टर, वकील, सगळे वयाप्रमाणे रांगेने झाले, आणि मामाचा अंगठा दर कानागणिक सुधारत गेला.

सरतेशेवटी मामा घाम पुसत नवरदेवासमोर येऊन उभा राहिला. मास्तरांच्या शिकवणीप्रमाणे अंगठा तयार होता. तरी चूक नको म्हणून त्याने एकदा खात्री करून घेतली.

"जावईबापू, तुमच्यापरीस मोठं कुणी ऱ्हायलंय का?"

योएल हेडमास्तरांचा मुलगा. त्याने पंगतीकडे नजर टाकली, आणि ताटं मोजत उभ्या असलेल्या त्या सभ्य माणसाकडे बोट दाखवलं.

"मॅनेजर राहिलेत."