भोंग्याच्या तोंडात चिखल

फार जुनी गोष्ट. एका आडबाजूच्या खाडीत पाहुण्यांना शांत किनारा दाखवायला एक होडी जायची. तिच्या पुढच्या टोकाला पितळी भोंगा होता. वळण आलं की तो बोंबलायचा, "शांत किनारा आला हो!" लगेच बगळे उडायचे, निवट्या मासोळ्या चिखलात दडायच्या. पाहुणे म्हणायचे, "इथे तर काहीच नाही!" मग त्यांचं मन रमवायला भोंगा आणखी जोरात ओरडायचा.

काठच्या बिळातल्या चिंबोरीला आठ दिवस बाहेर येऊन धड खाता आलं नव्हतं. "आता पुरे," ती म्हणाली. ओहोटीला होडी चिखलात कलंडली, तशी ती दोर धरून वर चढली. बीळ उकरताना करते तशाच चिखलाच्या गोळ्या करून ती भोंग्याच्या तोंडात कोंबू लागली. एक नांगी दुखली, तेव्हा दुसरीने कोंबल्या. भरती येईपर्यंत ती थांबली नाही.

त्या फेरीला होडी गुपचूप गेली. बगळे जागचे हलले नाहीत. पाहुणे श्वास रोखून बघत राहिले.

परतताना लाटेने चिखल धुऊन नेला. भोंग्याने दोराला चिकटलेल्या चिंबोरीला हळूच विचारलं, "बाई, ही बगळेमंडळी इथे कधी आली?"

"आलीत कुठली? इथलीच आहेत. गप्प तू आज पहिल्यांदा बसलास."