मदनशेठांच्या ताटातलं भरीत

तापीकाठच्या एका शाळेत उन्हाची झळ येऊ नये म्हणून छताखाली फोमच्या लाद्या बसवायच्या होत्या. त्या लाद्यांचे कारखानदार मदनशेठ मंत्र्याचे व्याही, त्यामुळे आवाज चढाच. "माझा माल शंभर टक्के निर्धोक! हरित प्रमाणपत्रावर मुकाट्यानं सही करा," त्यांनी तपासनीस विमलताई भिरूडांना दटावलं.

"करते की. आधी आमच्या मळ्यात भरीत खायला या."

खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. ताईंनी शेजारीच दुसरा जाळ केला, तो शेठच्या लाद्यांचा, आणि त्यावरही वांगी ठेवली. काळाकुट्ट धूर उठला, माणसं खोकत लांब पळाली. त्या जाळावरचं भरीत ताईंनी अगत्यानं शेठना वाढलं.

शेठनी ताट दूर लोटलं. "अहो, ही छताला लावायची वस्तू आहे, चुलीत घालायची नव्हे!"

"खरंय. पण आग काही विचारून लागत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्हाला ताट तरी लोटता आलं, शेठ. पोरांनी छत कुठं लोटायचं?"

सहीचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. ताईंनी मग काड्यांवरचं भरीत वाढलं; ते मात्र शेठनी आणखी मागून घेतलं.