ढोलीत पिल्लं नसतात

डोंगराच्या उतारावरच्या एका जंगलात एक सशीण राहत असे. तिला तीन पिल्लं होती. शेजारच्या झाडीत एक म्हातारं रानडुक्कर होतं. सगळे त्याला आजोबा म्हणत. आजोबा म्हणावं असं त्याने काही केलं नव्हतं, फक्त वय वाढवलं होतं.

त्या जंगलात एक चांगली रीत होती. मोहाच्या जुन्या झाडाला मोठी ढोली होती. दर पौर्णिमेला प्रत्येकाने तिथे तोंडभर मऊ गवत, नाहीतर सावरीचा कापूस आणून टाकायचा. कुणाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचं घर मोडलं, तर ज्याचं मोडलं त्याने तिथून हवं तेवढं न्यायचं. या ढोलीला सगळे ‘भरपाई’ म्हणत. एक मुंगूस तिची राखण करी. मागच्या उन्हाळ्यात एका गव्याचा पाय सशिणीच्या बिळात गेला, तेव्हा तिची पिल्लं या भरपाईतल्या गवतावरच निजली होती. ते ती विसरली नव्हती. ढोलीत टाकायचं गवत ती निवडून आणी, त्यात काटा म्हणून सापडायचा नाही.

आणखी एक रीत होती. जमीन उकरली की मागच्या पायांनी माती ओढून खड्डा बुजवायचा. रानडुक्कर मात्र कंद उकरी, खाई आणि खड्डे तसेच टाकून पुढे जाई. एका सकाळी त्याने सशिणीच्या बिळाला लागूनच खड्डा केला.

“आजोबा, एवढा बुजवा ना,” सशीण म्हणाली. “खाली माझं बीळ आहे. छताची माती सुटायला लागलीय.”

“घाबरट ती घाबरटच! आणि मोडलंच घर, तर भरपाई आहे की. ती काय शोभेला ठेवलीय?”

“पण बुजवायला कितीसा वेळ लागतो?”

“माझं वय बघ, माझी कंबर बघ, मग बोल.”

जवळच चरणारी एक म्हातारी सांबरीण मान वर करून म्हणाली, “मोठ्यांशी वाद घालू नये, बाळ. भरपाई मिळते ना? मग कटकट कशाला?”

मुलांनो, हे असलं शहाणपण सांगणाऱ्याचं घर कधीही त्या खड्ड्याशेजारी नसतं. पण सशीण गप्प बसली. तिलाही वाटलं, खरंच, भरपाई तर आहेच. इथे तिचंही चुकलं. पिल्लांना आत ठेवून ती चरायला गेली.

दुपारी रानडुक्कर उरलेला कंद शोधत परत आलं आणि खड्ड्याच्या काठावर सगळा भार देऊन उभं राहिलं. काठ ढासळला, बिळाचं छत खाली बसलं. दोन पिल्लं बिळाच्या मागच्या तोंडाने कशीबशी बाहेर पडली. सगळ्यात धाकटं आतच राहिलं. आवाज ऐकून सशीण धावत आली.

“अरेच्चा, चुकून झालं,” रानडुक्कर म्हणालं. “जा, ढोलीतून गवत घेऊन ये.”

“गवत घेऊन काय करू? माझं पिल्लू आत आहे!”

तिची किंकाळी ऐकून मुंगूस ढोली सोडून आलं. त्याने काही विचारलं नाही, सरळ उकरायला लागलं. मागून एक साळिंदर आलं, दोन उंदीर आले. “ताई, तू हाका मारत राहा,” मुंगूस म्हणालं, “म्हणजे ते हलेल आणि आम्हाला कळेल.” सशीण हाका मारत राहिली. मुंगसाची नखं तुटली, तरी ते थांबलं नाही. शेवटी मातीतून एक कान दिसला. सगळ्यांनी मिळून ओढलं. पिल्लू बाहेर आलं आणि माती उडवत शिंकलं.

सशीण रडत रडत मुंगसाचे पंजे चाटू लागली. “तुमचे उपकार कसे फेडू, दादा?”

“काही फेडू नकोस. मागे कुणीतरी माझंही बीळ तुडवलं होतं, तेव्हा मी ज्या गवतावर झोपलो ना, ते तूच निवडून आणलेलं होतं.”

तेवढ्यात उंदरांनी ढोलीतून गवताचा भारा ओढत आणला. तो पाहून रानडुक्कर म्हणालं, “बघ, सांगितलं होतं की नाही? भरपाई मिळाली, सगळं ठीक झालं.”

सशिणीने आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला. “आजोबा, हे गवत ज्यांनी ज्यांनी टाकलं, त्यांची मी जन्मभर ऋणी आहे. पण त्या ढोलीत गवत असतं, पिल्लं नसतात. तुम्ही तो एक खड्डा भरला असता, तर भरपाई लागलीच नसती.”

गलका ऐकून आलेल्या सांबरिणीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मुंगसाने नुसतं तिच्याकडे बघितलं. ती मागे वळून चरायला लागली.

रानडुकराने माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. पण आता कुठेही उकरण्याआधी ते थांबतं आणि जमिनीकडे तोंड करून विचारतं, “खाली कुणी राहतं का रे?” एवढं विचारायला शिकण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. आणि कधीकधी खालून चार आवाज एकदम येतात, “राहतो, आजोबा! पुढे जा!”

तात्पर्य : दुसऱ्याच्या निष्काळजीपणासाठी भरपाईची सोय जरूर असावी आणि ती करणाऱ्यांचे उपकार मानावेत, पण सोय आहे म्हणून निष्काळजी माणसाला, तो वयाने कितीही मोठा असो, तोंडावर सांगायचं सोडू नये.