गव्हाणीखालची धामण

फार पूर्वी, भुरी नावाच्या म्हशीच्या गव्हाणीखाली एक धामण राहायची. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं भुरीला तिच्या आईने सांगितलं होतं. भुरीने तसं कधी पाहिलं नव्हतं. तरी एका सकाळी तिने लाथा झाडून धामणीला गोठ्याबाहेर हुसकलं.

पंधरा दिवसांत गोठ्यात उंदीर माजले. त्यांनी पेंडीचं पोतं फस्त केलं, तिच्या रेडकाचा एक कान कुरतडला. अर्धपोटी भुरीचं दूध आटलं. धामण तर गेली, मग दूध कमी कसं झालं, हे काही तिला उमगेना.

धामण आता शेताच्या बांधावर राहत होती; भुरी तिथे गेली. "बाई, माझं दूध तू पीत नव्हतीस?"

"दूध मला काय कामाचं?" धामण म्हणाली. "मी उंदीर खाते."

भुरीने मान खाली घातली. "माझं लेकरू तुझ्या जिवावर निर्धास्त झोपत होतं. घरी चल."

धामणीला बघून रेडकू आईच्या पोटाखाली दडलं. तेव्हा भुरीने त्याला स्वतःच्या आईपेक्षा वेगळं सांगितलं, "ही आपली राखणदार आहे. बसताना आधी हिला जागा द्यायची."