टिल्ली उंदरी आणि जयरामची शीळ

ऐका हं बाळांनो. जवळ या. आणखी जवळ. ही गोष्ट जरा हळूच सांगायची आहे. कारण हिच्यात एकीला फार वाईट वाटलंय.

एक होती उंदरी. एवढीश्शी! नाव तिचं टिल्ली.

टिल्ली राहायची शेवंतामावशीच्या घरात. मावशीकडे होता एक रेडिओ. गाण्यांचा नाही हं, बोलायचा! इकडून मावशी बोलायची. तिकडून तिचा भाऊ जयराम बोलायचा. जयराम कुठे? लांब समुद्रात, बोटीवर!

एवढ्या लांबचा आवाज घरात यायचा कसा? तारेतून. मावशीने आपल्या हाताने अँटेना केला होता. अँटेना म्हणजे तांब्याची लांबच लांब तार, उंच टांगलेली. तारेचं एक टोक छपरावरच्या बांबूला. दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी जायची चिंचेच्या फांदीवरून पलीकडे, आणि खाली मुळाला बांधलेली. तार उंच, तर आवाज मोठा. तार खाली, तर आवाज बारीक.

रोज संध्याकाळी रेडिओ करायचा खर्र खर्र. मग जयराम म्हणायचा, "ताई, आहेस ना गं?" दोघं खूप बोलायची. शेवटी जयराम शीळ घालायचा. फीऽऽ फुर्र! शीळ ऐकली की टिल्ली झोपायची.

काल जयराम म्हणाला, "ताई, उद्या सूर्य बुडेपर्यंत बोलू. मग बोट फार लांब जाणार. पुष्कळ दिवस तुझी तार पुरायची नाही."

आणि आज काय झालं? सांगते.

मावशी दोरीला खोबरेल तेल चोळायची. मग दोरी फांदीवरून छान सरकते. टिल्लीला आला खोबऱ्याचा वास. म्हम्म! कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. थोडी दोरी खाल्ली. आणखी थोडी खाल्ली. कुरतडत कुरतडत वर गेली. खालच्या दोरीचा नुसता भुगा! आणि...

कट्!

सुळ्ळकन दोरी निसटली. धप्पकन तार पडली. घराच्या मागे, गवतात. कोणी पाहिलं नाही. एकट्या टिल्लीने पाहिलं.

संध्याकाळ झाली. रेडिओ गप्प. शीळ नाही!

टिल्ली गेली तुरुतुरु तुरुतुरु, रेडिओकडे.
"रेडिओदादा, रेडिओदादा, बोल की!
शीळ वाजेना,
झोप येईना!"
रेडिओ म्हणाला, "बघ, मावशी माझे स्क्रू काढतेय. तिला वाटतं, मीच बिघडलो. मी बरा आहे! तार वर चढली तर बोलेन. पण काय गं, तार पडली कशी?"
टिल्लीने आपल्या शेपटीकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.
सूर्य थोडा खाली गेला.

टिल्ली गेली तुरुतुरु तुरुतुरु, तारेकडे.
"तारताई, तारताई, चढ की!
रेडिओ बोलेना,
शीळ वाजेना,
झोप येईना!"
तार म्हणाली, "आई गं, कंबर दुखली! दोरीने ओढलं तर चढेन. पण काय गं, मी पडले कशी?"
टिल्लीने मिशा पुसल्या. मिशांना खोबऱ्याचा वास येत होता.
सूर्य आणखी खाली गेला.

टिल्ली गेली तुरुतुरु तुरुतुरु, दोरीकडे.
"दोरीबाई, दोरीबाई, ओढ की!
तार चढेना,
रेडिओ बोलेना,
शीळ वाजेना,
झोप येईना!"
दोरी म्हणाली, "मला विचारतेस? तू?"
टिल्ली मागे सरकली.
दोरी म्हणाली, "बरं, असू दे. चिंचेने फांदीवर धरलं तर ओढेन."
सूर्य आणखी खाली गेला.

टिल्ली गेली तुरुतुरु तुरुतुरु, चिंचेकडे.
"चिंचबाई, चिंचबाई, धर की!
दोरी ओढेना,
तार चढेना,
रेडिओ बोलेना,
शीळ वाजेना,
झोप येईना!"
चिंच म्हणाली, "सळसळ! मला वाकता येत नाही बाई. कावळा दोरी घेऊन वर आला तर धरेन. पण काय गं, माझ्या मुळाशी हा भुगा कसला?"
टिल्ली भुग्यावर बसली. भुगा झाकून टाकला.
सूर्य लाल लाल झाला.

टिल्ली गेली तुरुतुरु तुरुतुरु, कावळ्याकडे.
"कावळोबा, कावळोबा, उड की!
चिंच धरेना,
दोरी ओढेना,
तार चढेना,
रेडिओ बोलेना,
शीळ वाजेना,
झोप येईना!"
कावळा म्हणाला, "काव काव! पोटात काही नाही. मावशीने पोळी दिली तर उडेन."

टिल्ली गेली तुरुतुरु तुरुतुरु, मावशीकडे.
"मावशी, मावशी, पोळी दे की!
कावळा उडेना,
चिंच धरेना,
दोरी ओढेना,
तार चढेना,
रेडिओ बोलेना,
शीळ वाजेना,
झोप येईना!"
मावशीच्या पुढे स्क्रूच स्क्रू. मावशीच्या डोळ्यांत पाणीच पाणी.
मावशी म्हणाली, "कसली पोळी गं आज! तिकडे जयराम हाका मारत असेल. रेडिओ का गप्प झाला, ते कोणी सांगितलं तर देईन. पण मला सांगणार कोण?"

टिल्ली दारात आली. आता कोणाकडे जायचं? इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच उरलं नव्हतं. रेडिओ का गप्प झाला, ते ठाऊक होतं एकीलाच.

टिल्ली तिथेच बसली. एकटीच पुटपुटली,
"टिल्ली सांगेना,
मावशी देईना,
कावळा उडेना,
चिंच धरेना,
दोरी ओढेना,
तार चढेना,
रेडिओ बोलेना,
शीळ वाजेना..."
पुढचं तिला म्हणवेना. तिला रडूच आलं.

टिल्ली परत गेली. या वेळी तुरुतुरु नाही. हळू, हळू, हळू.
"मावशी, रेडिओ बरा आहे. तार पडलीय. दोरी मी खाल्ली. खोबऱ्याचा वास आला गं. माझं चुकलं."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "अगं वेडाबाई, आधीच सांगायचंस ना!"

मग काय, धावपळ!
टिल्लीने सांगितलं.
मावशीने पोळी दिली.
कावळा उडाला, भुर्र!
चिंचेने दोरी धरली.
दोरी ओढू लागली.
तार चढू लागली. वर, वर, वर...

आणि थांबली.

दोरी पुरेना! तार अर्ध्यावरच लोंबकळली. मावशीने खूप ओढलं. "आखूड झाली गं," ती म्हणाली. दुसरी दोरी आणायला वेळ कुठे होता? सूर्य बुडत होता.

मावशीने तशीच दोरी मुळाला बांधली. धावत घरात आली. भराभरा स्क्रू लावले. रेडिओ सुरू केला.
खर्र खर्र. खर्र खर्र.
मग आला आवाज. बारीक, अगदी बारीक.
"ताई... किती हाका मारल्या गं... आहेस ना?"
"आहे रे! मी आहे!" मावशी ओरडली.
जयरामला ऐकू गेलं का? कोण जाणे. त्याने शीळ घातली.
फीऽऽ...
खर्र खर्र.
फुर्र आलंच नाही. सूर्य बुडाला. बोट गेली.

टिल्ली कोपऱ्यात बसली. तिने मान वर केलीच नाही. मावशीने तिला अलगद उचललं आणि ओंजळीत घेतलं. मावशीने ओठांचा चंबू केला. तिला कुठे येत होती शीळ! नुसतीच हवा आली. फू, फू.
"जयराम परत आला ना," मावशी म्हणाली, "की आपण दोघी त्याच्याकडून सगळी शीळ ऐकू हं."
"कधी येईल?" टिल्लीने विचारलं.
"येईल."

झाली गोष्ट. दिवा बारीक करते. तुम्ही डोळे मिटा पाहू.
टिल्लीचे अजून उघडेच आहेत.